नावं जास्त असतील तर कोरं कार्ड

यंदा भाऊबीजेला मी जळगावला गेले तेव्हा ओवाळायला कोणी नव्हतं. दादा जाऊन दहा महिने झाले होते. धुळ्याला, देवपुरातल्या माझ्या घरात मी पणतीसुद्धा लावली नव्हती, आणि जळगावला जायचं नाही असंच मनाशी ठरवलं होतं. पण सवयीने लवकर उठले, सवयीने पिशवी भरली, आणि एसटी पारोळ्याच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की पिशवीत ताटाऐवजी लाल पेन आलं आहे.

दादाचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. मी शाळेत ग्रंथपाल होते आणि सुट्टीच्या दिवशी जळगावला जाऊन त्याची प्रुफं तपासायचे. आमच्या खानदेशातल्या पत्रिकेचं प्रूफ हे साधं काम नाही. नवरा-नवरीची नावं एका ओळीत संपतात. खरी पत्रिका त्यांच्या खाली सुरू होते. आजोबा, चुलत आजोबा, काका, मामा, फुई म्हणजे आत्या, तिचे यजमान, गावातली भाऊबंदकी, आणि सगळ्यात शेवटी लहान मुलांची ओळ, ‘आमना काकाना लगीनले या बरं.’ एखादं नाव सुटलं तर ते माणूस लग्नात तोंड फिरवून बसतं आणि पुढची काही लग्नं तसंच बसतं. त्यामुळे मी प्रूफ तीनदा वाचायचे. तिसऱ्यांदा शेवटापासून सुरुवातीकडे.

वहिनींनी चहा दिला आणि सरळ सांगितलं, “वन्सं, दुकान द्यायचं म्हणतेय. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण मागतोय. रविवारी यायचाय उत्तर घ्यायला.”

माझी भाची, दादाची मुलगी, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादाने तिला शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून मशीन पुसण्यापर्यंत सगळं शिकवलं होतं. तो गेल्यावर तिने एकटीने दुकान उघडून ठेवलं, पण लोक यायचे थांबले. काहींना वाटलं छापखाना बंद झाला. काहींना दुःखातल्या घरून मंगलपत्रिका घ्यायला बरं वाटेना. तिला वेबसाइट करायची होती. सुरत, नाशिक, पुणे, सगळीकडे आपली माणसं आहेत, त्यांना घरबसल्या नमुने दिसतील, आणि छापील पत्रिकेबरोबर तीच पत्रिका फोनवर पाठवता येईल, असं तिचं म्हणणं.

“किती दिवस हेच मांडून बसलीय ती,” वहिनी म्हणाल्या. “लॅपटॉपात डोकं घालून बसते. दुकानात येतं कोण, तर माशा.”

“एक ऑर्डर आहे,” भाची म्हणाली. “शिंदखेड्याचे नाना रविवारी येणार आहेत. नातवाची पत्रिका. फोनवर सगळी नावं नीट दिसली तर छपाई पण आपल्याकडेच देणार.”

“आणि नाही दिसली तर?”

वहिनी कप उचलून आत गेल्या. म्हणजे नानांचा आणि त्या कव्हरवाल्याचा रविवार एकच होता आणि हातात तीन दिवस होते.

दुपारी मी घराच्या पुढच्या बाजूला असलेल्या दुकानात भाचीशेजारी बसले, ती काय करते ते नुसतं बघायला. तिने मला समजावलं. वेबसाइटला आधी एक थीम निवडायची, म्हणजे तिचा तयार साज. मग त्यावर पेज बिल्डर नावाच्या साधनाने पान जुळवायचं. ओळ टाकायची, ओळीचे रकाने पाडायचे, रकान्यात मजकूर किंवा चित्र ठेवायचं, दोन ओळींत जागा हवी तेवढी सोडायची. तिने माऊसने एक रकाना उचलून दुसरीकडे नेऊन ठेवला, आणि मी खुर्ची पुढे ओढली.

“हे तर कंपोझ आहे,” मी म्हणाले.

“मग मी काय सांगतेय, फुई.”

लोखंडी चौकटीत खिळे बसवायचे, ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायच्या, मोकळ्या जागी लाकडाचे ठोकळे ठोकायचे, हे मी दादाला आयुष्यभर करताना पाहिलं होतं. तेच या पडद्यावर बोटभर हालचालीने होत होतं. मी एक पट्टी वर नेली, खाली आणली, परत वर नेली. दहा महिन्यांत पहिल्यांदा मला जेवायची आठवण राहिली नाही, आणि त्याचं कारण दुःख नव्हतं.

थीम मात्र आम्ही चुकीची निवडली, आणि तीही आमच्याच धंद्यातली चूक करून. पत्रिकेच्या दुकानात गिऱ्हाईक जसं अल्बम उलटत जातं, तशा आम्ही थीम उलटत गेलो. एका थीमच्या नमुन्यात गुलाबी पाकळ्या गळत होत्या, तलावाकाठी जोडपं उभं होतं, वर वेलबुट्टी. दोघींनी एकदमच बोट ठेवलं. गिऱ्हाइकांनी असं बोट ठेवलं की दादा हसायचा, तेही तेव्हा आठवलं नाही.

थीम बसवली. पाकळ्या राहिल्या, जोडपं आणि तलाव गेले. ते नमुन्यापुरते होते. आमच्याकडे नानांची यादी होती, सत्तरावर नावं, वहीच्या दोन्ही बाजूंना लिहिलेली. ती आम्ही बिल्डरमध्ये रकाने पाडून सुरेख जुळवली. पण पान उघडलं की आमच्या शीर्षकाच्या डोक्यावर थीमचं स्वतःचं शीर्षक दुसऱ्यांदा यायचं. उजवीकडे एक रिकामी पट्टी यायची, ती काढली तरी परत यायची. बिल्डरमध्ये मरून रंग दिला तरी थीम गुलाबीच दाखवायची. अक्षरांत तिने इतकं अंतर सोडलं होतं की शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहिलं होतं, आणि मोठ्या ओळींतल्या वेलांट्या वरून कापल्या जात होत्या. मराठी अक्षराला डोक्यावर जागा लागते, हे ती थीम करणाऱ्याच्या गावीही नसावं.

तरी आम्ही दीड दिवस तिच्याशी झगडलो. शुक्रवारी संध्याकाळी पान कसंबसं उभं राहिलं. भाचीने ते माझ्या फोनवर पाठवलं. मी चष्मा पुसून प्रूफ वाचतात तसं वाचायला घेतलं. आजोबा, काका, मामा, आणि मग तीन टिंबं. टिंबांखाली लिहिलं होतं, ‘आणखी वाचा.’

“हे काय?”

“थीम नावांचा मजकूर कापते,” भाची म्हणाली. “फोनवर लांब झाला की आपोआप. बटण दाबलं की पुढचं दिसतं.”

“पहिलं कापलेलं नाव कोणाचं आहे?”

तिने यादी पाहिली. नानांच्या बहिणीचं होतं. नवऱ्या मुलाच्या वडिलांची फुई.

वहिनी दारातून ऐकत होत्या. “छान,” त्या म्हणाल्या. “फुईला बटणाखाली घातलं. नाना आरती ओवाळतील आता तुमची.”

भाचीने लॅपटॉप मिटला. मिटलेल्या लॅपटॉपवरचा हात मात्र तिने काढला नाही. मलाही ती तीन टिंबं जरा जास्तच लागली होती. मीही कोणाची तरी फुई आहे. आमच्या घरच्या प्रत्येक पत्रिकेत दादाने माझं नाव स्वतः जुळवलेलं आहे.

शनिवारी सकाळी मी दुकानात झाडू मारत होते. छपाईची कार्डं ठेवायची मांडणी आहे, तिचे वरचे कप्पे तयार पत्रिकांचे. गणपती, वेलबुट्टी, सोनेरी कडा आधीच छापून आलेल्या. मधल्या चौकोनात फक्त नावं बसवायची. सगळ्यात खालचा कप्पा कोऱ्या कार्डांचा. जाड, पांढरं, चारही बाजू मोकळ्या. मुस्लिम घरांतली निकाहाची कार्डं दादा त्यावरच छापायचा. आणि यादी लांबलचक घेऊन कोणी वेलबुट्टीच्या कार्डाला हात घातला की तो अल्बम बाजूला सरकवून म्हणायचा, “नावं जास्त असतील तर कोरं कार्ड घ्या. वेल काय, मी काढून देईन.”

दादाच्या उत्तरकार्याचं पत्रही याच कप्प्यातल्या कार्डावर छापलं होतं. भाचीने जुळवलं. ते एकच प्रूफ मी एकदाच वाचलं.

मी झाडू भिंतीला टेकवला आणि तिला हाक मारली. “थीममध्ये कोरं कार्ड नसतं का गं?”

ती लगेच लॅपटॉप उघडून बसली.

असतं. त्या थीमच्या नमुन्यात दाखवायला काहीच नसतं, म्हणून तिच्यावरून आम्ही दोनदा पुढे गेलो होतो. पांढरं पान आणि चार काळ्या ओळी. ती बिल्डरसाठीच केलेली, असं खाली लिहिलेलं होतं, पण पाकळ्या गळत असताना खालचं कोण वाचतं? या वेळी आम्ही शहाणपणा केला. नमुना बघितलाच नाही. नानांची पूर्ण यादी, एक मोठी वेलांटीची ओळ आणि मरून रंगाची एक पट्टी एवढं एक चाचणीचं पान केलं आणि तेच पान एकेका साध्या थीमवर चढवून फोनवर बघितलं. एका थीमने स्वतःचाच बिल्डर आणला होता. ती काढून टाकली तर मजकुराच्या जागी चौकोनी कंसांतल्या आज्ञा उरल्या, शाई न धुतलेल्या ठशासारख्या. दुसरी उघडायलाच वेळ लावायची. शिंदखेड्याच्या पुढच्या गावांत फोनची रेंज जाते-येते, तिथे ती कोणी उघडली नसती.

तिसऱ्या थीमवर आमचं पान आमच्यासारखं दिसलं. एकच शीर्षक. रंग मरून. शिरोरेषा अखंड, अगदी दादा जुळवायचा तशी. सगळी नावं, शेवटच्या चिमुरड्यापर्यंत. मी अंगठ्याने वर सरकवत गेले आणि टिंबं आलीच नाहीत.

मग दुपारभर आम्हाला उसंत नव्हती. वेलबुट्टी हवी ना? दादाचा वेलीचा जुना ठसा आम्ही शाई लावून कोऱ्या कार्डावर उठवला, त्याचा फोटो काढला आणि पानाच्या चारही बाजूंना लावला. भाची रकाने सरकवत होती, मी सांगत होते, इथे एक पट्टी जागा सोड, इथे अर्धी. ती म्हणाली, “फुई, अर्धी पट्टी म्हणजे इथे किती ते मला माहीत नाही.” मी म्हणाले, “तुझ्या बापालाही मोजून माहीत नव्हती.” आम्ही दोघी हसलो. वहिनींनी आतून विचारलं काय झालं म्हणून. त्या घरात कोणी हसलं की विचारावं लागावं इतके दिवस झाले होते.

रविवारी दहालाच नाना आले. पांढरं धोतर, हातात वहीचा तोच कागद. मागोमाग मोबाईल कव्हरवाला तरुण आला, दुकानाची लांबी-रुंदी नजरेने मोजत. वहिनींनी दोघांना चहा दिला.

भाचीने नानांच्या फोनवर पान उघडून दिलं. त्यांनी फोन लांब धरला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला कागदावर नखाने खूण करत गेले. मध्येच थांबले.

“मनी बहीननं नाव कोठे शे?”

स्वतःच्या बहिणीचं नाव त्यांना सापडत नव्हतं. भाचीने त्यांचा अंगठा धरून पान जरा वर सरकवलं.

“हां. शे,” नाना म्हणाले. “ती चष्मा लाईसन एकेक अक्षर वाचस. नाव नही दिखनं ते लगीनले येनार नही. आनि उनी तरी जेवनार नही.” मग त्यांनी उरलेली यादी संपवली, मुलांच्या ओळीवर मान डोलावली आणि तळाशी येऊन पुन्हा थांबले. पान खालीवर केलं.

“बठ्ठा नावे शेतस. पन पत्रिका कोनी छापी, ते कोठे लिखेल शे?”

प्रत्येक पत्रिकेच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. मी तीस वर्षं ते तपासलं होतं आणि नेमकं तेच सुटलं होतं. पाकळ्यांच्या थीममध्ये तळाशी थीमवाल्याचंच नाव यायचं. कोऱ्या पानावर आपोआप काहीच येत नाही.

“गावमा लोके पहिले खाले देखतस,” नाना म्हणाले. “ते नाव टाका, मंग छापा.”

भाचीने एक नवी ओळ तळाशी ओढून आणली आणि हात थांबवला. नाव टाकायचं म्हणजे छापखाना आहे असं लिहून द्यायचं. तिने आईकडे पाहिलं.

वहिनींनी हात पदराला पुसले. नानांच्या हातातून फोन घेतला. इतके दिवस त्यांनी त्या पडद्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांनी वेलीचा ठसा बघितला. तो त्या ओळखतात. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या पत्रिकेवर तोच होता. मग त्यांनी फोन परत दिला आणि भाचीला म्हणाल्या, “होतं तेच नाव टाक. बदलायचं काय त्यात?”

कव्हरवाल्याने कप खाली ठेवला. “काकू, मग माझं काय ठरलं?”

“चहा घे अजून,” वहिनी म्हणाल्या. “गाळा रिकामा नाही रे, बाबा. गिऱ्हाईक बसलंय बघ.”

तो हसला, त्याने अर्धा कप आणखी घेतला, आणि जाताना त्याच्या बहिणीचं लग्न ठरतंय असं भाचीला सांगून गेला.

भाचीने नाव टाईप केलं, बारीक अक्षरांत, मधोमध. मी पिशवीतून लाल पेन काढलं, मग पडद्यावर पेन चालत नाही हे लक्षात आलं. तिने पान कागदावर काढून दिलं. मी ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा शेवटापासून, म्हणजे दादाच्या छापखान्याच्या नावापासून वर. एकही चूक नव्हती. तळाशी सही करून मी कागद नानांपुढे ठेवला आणि भाची कोऱ्या कार्डांचा कप्पा उघडायला उठली.