दाजींचे आठ दिवस

आमच्या दाजींइतका इच्छांचा वैरी अख्ख्या सुरतेत शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लूमवर कामाला. पर्वत पाटियाजवळ आमच्या भाड्याच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. स्वतःचं घर घ्यायचं, या एका ध्यासापायी त्यांनी कायदाच केला होता: काही घ्यावंसं वाटलं की आठ दिवस थांबायचं. 'टिकली तर इच्छा, नाही तर नुसती खाज!' लोच्याच्या, म्हणजे त्या वाफाळत्या सुरती खाण्याच्या, गाडीसमोर उभं राहून पोटभर वास घ्यायचे आणि गाडीवाल्याला 'आवता गुरुवारे', पुढच्या गुरुवारी, म्हणून चालू लागायचे. नव्या चपला घालून दुकानात दोन फेऱ्या मारायचे, काढून ठेवायचे; आठवड्यानं तो जोड विकला गेलेला दिसला की स्वारी अशी खूश, की पेढेच वाटायचे बाकी. पण पेढ्यांनाही पुन्हा आठ दिवस! मोबाइलवरून पैसे भुर्रकन जातात म्हणून फोन बटणांचा आणि बँकेचं कार्ड माझ्या तांदळाच्या डब्यात. 'पाया पडलो तरी आधी द्यायचं नाही, शालकबुवा,' अशी तंबी.

गेल्या दिवाळीत लूम बंद होते. दाजी सकाळीच धावत आले. 'कार्ड दे. तुझी ताई म्हणते, डुमसला जाऊ, समुद्र बघू. रिक्षाच करतो.' वीस वर्षं सुरतेत काढून ताईनं समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतर तिनं कधी काही मागितल्याचंही मला आठवत नाही. आणि मी काय केलं? डब्यावर हात ठेवून हसलो. 'आठ दिवस, दाजी! खाज असेल.' त्यांनी खरंच हात जोडले. मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. शेवटी 'बरोबर आहे तुझं' म्हणून निघून गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे पत्र्याच्या पेटीचं झाकण लागलं. ताईनं नेसायला काढलेली साडी परत ठेवली असणार.

आठव्या दिवशी मीच रिक्षा घेऊन दारात हजर. ताई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'आते ऱ्हाऊ दे, भाऊ. मन उतरी गयं.' चिडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. दाजींचा कायदा इतका चोख आजवर कुणी पाळला नसेल. पण दाजी खूश झाले नाहीत. तिच्या शेजारी बसून मेथी निवडू लागले.

आता घर ठरलंय. ओट्याला कुठला दगड हवा, विचारलं तर ताई म्हणते, 'तुम्ही ठरवा.' लाज वाटते मला माझीच. दर रविवारी सकाळी दाजी येऊन कार्ड मागतात. 'आज ती मागेल काही तरी,' म्हणतात. मी लगेच काढून देतो. संध्याकाळी ते स्वतःच डबा उघडून कार्ड तांदळात ठेवून जातात.