मामांनी मोजलेले चंद्र

आमचे मामा विज्ञानकथांच्या मासिकात तपासनीस आहेत. अंतराळयानांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, पण कथेतल्या प्रत्येक परग्रहाला किती चंद्र आहेत ते त्यांच्या वहीत असतं. तिसऱ्या पानावर मेलेला कप्तान अकराव्या पानावर चहा पिताना दिसला, की लेखकाला फोन करून फैलावर घेतलंच म्हणून समजा.

हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा नुसता पूर आलाय. वाचक भांडतायत, लेखक रुसलेत. संपादकबाईंनी असल्या कथा हुडकायचं काम मामांच्या गळ्यात मारलं.

“त्यात काय!” मामा म्हणाले. “माणूस विसरतो. जिच्यात एकही घोळ नाही, ती यंत्राची.”

तशी एक सापडलीच. तीन चंद्र शेवटपर्यंत तीनच, मेलेले सगळे मेलेलेच. मामांनी ती बाद केली.

दोन दिवसांनी नकाराचं पत्र मामांच्याच घरी आलं. टोपणनावाने लिहिणारी लेखिका म्हणजे मामी!

“यंत्र म्हणे!” मामी कडाडल्या. “अहो, तीस वर्षं माझ्या प्रत्येक वाक्यातून घोळ काढताय. चुकायची सोय ठेवलीत का मला?”

मामींनी कथा बदलून पुन्हा पाठवली आणि मामा ती तपासायला घरी घेऊन आले. आता कप्तान वहीत चंद्र मोजत बसायचा. तिसऱ्या पानावर तो मेला, आणि अकराव्या पानावर मुकाट्याने बायकोसाठी चहा करत होता.

मामांनी लाल पेन उचललं. थोड्या वेळाने टोपण लावून खाली ठेवलं, आणि उठून चहाचं आधण चढवलं.