पातोडीचं पातेलं

माझा नवरा रोज संध्याकाळी गोंडपिपरीच्या चौकात आलुबोंडे हाणून घरी यायचा आणि ताटाकडे न बघताच म्हणायचा, "मले भूक नाई." लग्नानंतर नऊ वर्षं मी हेच ऐकलं.

आमच्या घरची रीत अशी, की नवऱ्याच्या आधी बाईने घास घ्यायचा नाही. तो आठला येवो की साडेनऊला, मी ताट झाकून बसायचे. पोटात कावळे ओरडायला लागले की स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मूठभर मुरमुरे तोंडात टाकायचे. तेही जिभेवर भिजवून, सासूबाईंना आवाज जाऊ नये म्हणून. अधलंमधलं दोघंही खायचो. तो मजा म्हणून, मी कळ काढायला. त्याने टाकलेलं जेवण सकाळी माझ्याच पानात यायचं. त्याला मात्र गरम पोहे.

मी डूख धरला.

एका शनिवारी पातोडी केली. बेसन घोटून घोटून, वड्या थापून हात भरून आले, पण रस्स्यावर तर्री अशी आली की बास. सहा वाजता पातेलं उचललं आणि सरळ चौकातली आलुबोंड्यांची टपरी गाठली. आमच्याकडे बायका टपरीच्या बाकावर बसत नाहीत. मी बसले.

तो मित्रांत खिदळत होता. दुसऱ्यांना चटणी वाढत होता. घरी पाण्याचा पेला न उचलणारा माणूस! तेव्हा कळलं, याला भूक कधी नव्हतीच. हे हसणं हवं होतं, आणि त्यासाठी घरातलं कुणी चालत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"घ्या भाऊ," मी नवऱ्याकडे बोट करून त्याच्या मित्रांना म्हटलं, "यायले घरी भूक नसते."

ते तुटून पडले. एकजण बोटं चाटत म्हणाला, "वहिनी, घरी असं असून हा इथी काऊन येते?"

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मी एक आलुबोंडा मागवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत खाल्ला. त्यात मीठही धड नव्हतं, तरी मी चवीने संपवला.

दुसऱ्या दिवशी स्वारी सातलाच घरी. हातपाय धुऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "वाढ."

सासूबाईंना मी वाढलं होतं. मीही पोटभर जेवले होते, भांडी घासून पालथी घातली होती. घरात शीत उरलं नव्हतं.

"मंग मी काय जेवू?" त्याने विचारलं.

मी पदराला हात पुसले आणि अंगणात जाऊन बसले. वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, मस्त वाटलं.