चार वाजायच्या आत

जेवण झाल्यावर संगणकासमोरच्या खुर्चीतच माझा डोळा लागतो आहे. लागू द्यायचा नाही, कारण चारला वीज जाणार, आणि भास्करमामांचा जुनापुराणा संगणक चालू आहे. तालुक्यातल्या चारशे विहिरींची नावं, कोणी खणल्या, पाणी कुठवर टिकतं, सगळं मामांनी त्यातच भरलं. दुसरी प्रत नाही. उद्या पुण्याहून एकजण येऊन ती काढणार. तोवर डिस्क जगायला हवी, आणि हे धूड नीट बंद कसं करतात ते मला ठाऊक नाही.

"काय गो कुंदे, झोपलीस?"

मामा शेजारी उभे आहेत. जाऊन सहा वर्षं झाली त्यांना.

"मामा, बटण दाबू?"

"हात लावलास तर बघ!"

मी हात मागे घेते. कॉलेजात असताना घराबाहेर पडताना सवयीने मी मेन स्विच पाडला होता. आत हाच संगणक चालू होता. डिस्क गेली. मामांनी नवी घातली आणि सगळ्या विहिरी पुन्हा पायी हिंडले.

"तेव्हा रागावला का नाहीत?"

"रागावून विहिरी परत आल्या असत्या?"

आम्ही एका बावीच्या कठड्यापाशी आहोत. माझ्या हातात दोर आहे, आणि खालून संगणकाची घरघर ऐकू येते.

"घागर पाण्यात असताना दोर सोडतेस का?"

"छे!"

"मग? डिस्कमधली तबकडी फिरतेय तोवर सुई तिच्यावरच असते. वीज गेली की आपटते. आधी फाइल मिटव, प्रोग्रॅममधून बाहेर ये, मग सुई कडेला ने."

"कशी नेऊ?"

मामा माझी बोटं धरतात. दोराच्या जागी कीबोर्डच्या कळा आहेत. "ही चार अक्षरं. आता निर्धास्त दाब बटण."

मी जागी होते. बोटं कळांवरच आहेत. पडद्यावर इंग्रजीत 'पार्क', आणि खाली यंत्र बंद करायला हरकत नाही, असा निरोप. मी मामीला हाक मारते. ती चष्मा सावरत वाचते.

"हे तुला कोणी सांगितलं? ह्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हतं ते."

मी बटण दाबते. घरघर मंदावते, थांबते. जरा वेळाने डोक्यावरचा पंखाही थांबतो.

"गेली वीज," मामी म्हणते.

"जाऊ दे!" मी ओरडते, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मामांच्या फोटोकडे मान वर करून बघते.