दोनशे चौदा ओळींची नदी

देवीदासराव चहा ओतण्याआधी घड्याळ बघतात. ओतल्यावर पुन्हा बघतात. सिग्नलला गाडी थांबली की किती सेकंद थांबली ते मोठ्यानं सांगतात. लिफ्ट यायला वेळ लागला की 'डिले' म्हणतात आणि कारण विचारतात. कोणाला, ते ठरलेलं नसतं. पेन्सिल दोन्ही टोकांनी तासतात. अंडं खात नाहीत, पण पाकिटात कोंबडीची पिसं बाळगतात. आणि उन्हाळ्यात दर शुक्रवारी सकाळी बादलीत बर्फ टाकतात, थर्मामीटर बुडवतात, पाणी बरोबर बारा अंशांवर आलं की त्यात पाय सोडून बसतात.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी विचारलं, "पाय दुखतात का?"

"नाही. सराव."

"कशाचा?"

"नदीचा."

कतारमध्ये नदी नाही. एकही नाही. समुद्र आहे, पण तो देवीदासरावांना मान्य नाही. भरती-ओहोटी म्हणजे बेशिस्त, असं त्यांचं मत आहे.

आम्ही दोह्याच्या अल गराफा भागात राहतो. एका व्हिलाचे नऊ भाग पाडले आहेत. एका भागात ते, शेजारच्या भागात मी. मधली भिंत प्लायवूडची आहे, त्यामुळे आमची मैत्री आपोआप झाली. ते लातूरकडचे, वय शेहेचाळीस, लुसैलमधल्या एका टॉवरवर प्लॅनिंग इंजिनीअर. म्हणजे कोणतं काम कधी सुरू होईल, किती दिवस चालेल आणि त्याच्यामागून कोणतं काम येईल याचा तक्ता करणारा माणूस. मी मराठी साहित्यात एम.ए. केलं. म्हणून त्याच टॉवरवर डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कागदांना नंबर देतो. देवीदासराव मला 'साहित्यिक' म्हणतात. कौतुकानं नाही.

त्यांची नदी काश्मीरमध्ये आहे. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर मुदस्सिर तिथला. त्याच्या गावामागे डोंगराच्या पायथ्याशी झरे फुटतात आणि दोनशे पावलांत त्यांची नदी होते. तिच्यात ट्राउट मासा आहे. मुदस्सिरचे अब्बा तिथे चाळीस वर्षं लोकांना मासेमारीला नेतात. चार वर्षांपूर्वी विमानतळाच्या वाटेवर मुदस्सिर हे सहज बोलून गेला. मागच्या सीटवर बसलेल्या देवीदासरावांनी एकच प्रश्न विचारला.

"बारिश नहीं हुई तो?"

"बारिश से क्या लेना साब, चश्मे का पानी है. गर्मी हो, सर्दी हो, उतना ही आता है." चश्मा म्हणजे झरा.

देवीदासरावांनी ते वहीत लिहून घेतलं. ज्या माणसाच्या गावची नदी वर्षातून दोन महिने हजेरी लावते, त्याला कोणी सांगितलं की एक नदी रोज वेळेवर कामावर येते, तर तो दुसरं काय करणार?

त्यांनी तक्ता केला.

टॉवरसाठी वापरतात त्याच सॉफ्टवेअरमध्ये केला. दोनशे चौदा ओळी. गळाची काठी विकत घेणे. खोटी माशी बांधायला शिकणे. ही माशी म्हणजे आकड्याला दोरा आणि पिसं गुंडाळून केलेलं एक सोंग. मासा फसतो आणि धरतो. पिसांसाठी ते सूक वाकिफच्या पक्षीबाजारात गेले. दुकानदार अख्खी कोंबडी दाखवत राहिला, हे फक्त मानेवरची चार पिसं मागत राहिले. शेवटी त्यानं पिसं फुकट दिली आणि 'यल्ला', म्हणजे निघा आता, म्हणून हात जोडले.

काठी फेकायचा सराव व्हिलासमोरच्या रस्त्यावर. दोरी मागे जाते, हवेत उलगडते, पुढे येते. दिसायला सुंदर. तिसऱ्या दिवशी ती मागे गेली आणि शेजारच्या वॉचमनचा वाळत घातलेला शर्ट घेऊन पुढे आली. वॉचमन नेपाळचा. शांत माणूस.

"मछली कहाँ है, सर?"

"अभी नहीं है."

"अच्छा," तो म्हणाला आणि शर्ट सोडवून घेऊन गेला. शर्ट परत मिळाल्यावर त्याला चर्चेत रस राहिला नसावा.

मासा धरायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा, असं तक्त्यात होतं. देवीदासराव शाकाहारी. मी म्हणालो, "खायचा नाही तर धरायचा कशाला?"

"तुम्ही पुस्तकं वाचता, ती खाता का?"



आता विजयालक्ष्मीवहिनी. त्या लातूरला असतात, शाळेत शिकवतात. माहेर मालवणजवळचं. मासे खाणाऱ्या घरातून त्या मासे न खाणाऱ्या घरात आल्या. चौदा वर्षं त्या घरात मासा शिजला नाही, आणि त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. चौदा वर्षांत दोघं मिळून कुठे गेलेही नाहीत. सुट्टी मिळायची, ती दातांचा डॉक्टर, बँक, लग्नं आणि छताची गळती यांत संपायची. पहिली तीन वर्षं नदीसुद्धा अशीच संपली. तक्ता दर वर्षी एक वर्ष पुढे ढकलला जायचा. ढकलायला एक बटण आहे.

यंदा वहिनींनी फोनवर सांगितलं, "मासे धरा, सोडा, काय हवं ते करा. पण मला घेऊन चला. यंदा नाही तर पुढे मला विचारू नका." भिंत प्लायवूडची, म्हणून मलाही ऐकू आलं. टॉवर डिसेंबरात संपणार होता आणि देवीदासरावांचं काँट्रॅक्टही. पुढची नोकरी कुठे, सुट्टी कधी, कोणाला माहीत? त्यांनी सप्टेंबरच्या सुट्टीचा अर्ज दिला. पंधरा दिवस. मंजूर झाले.

दहा दिवस लातूर, पाच दिवस नदी. मुदस्सिरच्या अब्बांनी दोन काठ्यांचे परवाने काढले, नदीच्या ठरलेल्या तुकड्यावर, ठरलेल्या पाच दिवसांसाठी. विमानाची तिकिटं निघाली. वहिनींनी स्वेटर घेतला. देवीदासरावांनी तक्त्याची रंगीत प्रिंट काढून त्यांना पाठवली. त्यात ओळ एकशे एकतीस होती 'नदीकडे बघणे', अर्धा तास. ओळ एकशे बत्तीस, 'विजयालक्ष्मीशी बोलणे'. कालावधी शून्य.

"शून्य?" मी विचारलं.

"तो माइलस्टोन आहे. माइलस्टोनला कालावधी नसतो."

निघायला आठ दिवस उरले असताना वहिनींचा फोन आला. मी तेव्हा देवीदासरावांच्याच खोलीत खिचडी खात होतो. फोन स्पीकरवर होता.

"अहो, हे शुक्रवार-शनिवार कोरे का आहेत?"

"सुट्टी आहे."

"कसली?"

"साप्ताहिक."

"सुट्टीत सुट्टी?"

देवीदासराव हसले. मग थांबले. त्यांनी घास खाली ठेवला. लॅपटॉप उघडला. मी एखाद्या माणसाचा चेहरा इतक्या हळू उतरताना पूर्वी पाहिला नव्हता.

झालं होतं असं. सॉफ्टवेअरमध्ये कतारचं कॅलेंडर होतं. टॉवरचंच. त्यात शुक्रवार-शनिवार काम बंद. म्हणून रविवारी सुरू होणारं पंधरा दिवसांचं काम तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत पसरलं होतं. कंपनी सुट्टी मोजते ती सरसकट, शुक्रवार-शनिवार धरून. तिच्या हिशोबानं पंधरा दिवस तिसऱ्या रविवारी संपत होते. नदीचा पहिला दिवस तोच रविवार. म्हणजे ज्या सकाळी देवीदासराव पाण्यात उतरणार, त्याच सकाळी त्यांनी दोह्याच्या विमानात बसलेलं असायला हवं होतं.

एवढंच नव्हे. उन्हाळ्यात इथे सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी असते. कॅलेंडरला ती माहीत होती. काश्मीरच्या थंड नदीवर, झाडाच्या सावलीत, त्यानं मासेमारी रोज दहाला बंद करून साडेतीनला पुन्हा सुरू केली होती. उष्माघात टाळण्यासाठी.

ही चूक देवीदासराव आठवड्यातून तीनदा इतरांच्या तक्त्यांत पकडतात. लाल पेनानं गोल करतात. मी त्या कागदांना नंबर देतो.

मला हसू आवरेना.

"कशाला हसूलालास?" ते म्हणाले. अहो-जाहो विसरले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आधीच्या तारखांचे परवाने मिळतात का, मुदस्सिरनं विचारलं. संपले होते. उरला एकच उपाय, सुट्टी पाच दिवस वाढवून घेणे. प्रोजेक्ट मॅनेजर भला माणूस. तो म्हणाला, "तक्त्यात त्या आठवड्यात सवड दाखवा आणि जा. मी सही करतो."

त्या आठवड्यात टॉवरच्या थंड पाण्याच्या पंपांची चाचणी होती. तक्त्यात तिला एका दिवसाचीही सवड नव्हती, आणि चाचणीला प्लॅनिंग इंजिनीअर हजर पाहिजे असं लिहिलेलं होतं. लिहिलं होतं देवीदासरावांनीच.

मी त्यांच्या टेबलाशी गेलो. आवाज खाली आणला.

"सवडीत शून्याच्या जागी पाच करा. कोण बघतंय?"

"मी बघतो की."

"वहिनी चौदा वर्षं थांबल्या आहेत."

"माहीत आहे मला. तू नको सांगू."

ते बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिले. मी साहित्याचा विद्यार्थी आहे, माणसाच्या मनातलं द्वंद्व वगैरे मला शिकवलेलं आहे. तिथे तसं काही दिसलं नाही. एक माणूस बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मग त्यांनी फाइल बंद केली. शून्य शून्यच राहिलं.

वहिनींना त्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं. मग वहिनी म्हणाल्या, "परवाने दोन आहेत ना?"

"हो."

"मग मी संजीवनीला घेऊन जाते." संजीवनी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. "तुम्ही काठी तेवढी आणा."

त्यांनी आणली. दहा दिवस लातूर तक्त्याप्रमाणे पार पडलं. दाताचं काम झालं, बँक झाली, छत झालं. कोरे सोडलेल्या चार दिवसांतले तीन छतातच गेले. शनिवारी दोघी बहिणी आणि देवीदासराव एकत्र मुंबईच्या विमानतळावर पोचले. दोघी श्रीनगरला गेल्या. देवीदासरावांचं विमान पहाटे होतं. ते नऊ तास बाकावर बसले. संजीवनीनं मला नंतर सांगितलं की काठीची नळी ताईच्या हातात देताना भावजींनी तिला मनगट कसं ठेवायचं ते तीनदा दाखवलं, आणि सुरक्षावाल्या बाईनं त्यांना बाजूला घेऊन विचारपूस केली.

रविवारी ते ऑफिसात हजर झाले. सोमवारी सकाळी चाचणीची बैठक होती. बैठकीत कळलं की पंपाचा एक भाग अजून बंदरातच आहे. चाचणी पुढच्या आठवड्यात. कोणीही आवाज चढवला नाही. सगळे इन्शाल्ला म्हणाले. देवीदासरावांनी वहीत तारीख बदलली. पेन्सिलचं टोक तुटलं. त्यांनी पेन्सिल उलटी केली आणि दुसऱ्या टोकानं लिहिलं.

तेवढ्यात फोन थरथरला. आमच्याकडे सव्वानऊ, म्हणजे तिकडे पावणेबारा. बंदीची वेळ. ते कॉरिडॉरमध्ये गेले. मीही गेलो. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर आधी आकाश दिसलं, मग मुदस्सिरच्या अब्बांची पांढरी दाढी, मग पाणी. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे गोटे मोजता आले असते. गुडघाभर पाण्यात वहिनी. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर ओढलेल्या. काठी वाकलेली.

"मनगट!" देवीदासराव ओरडले. "मनगट ताठ! दोरी सैल सोड, ओढू नको!"

"अहो, गप बसा, मासा बिथरेल!"

मग काठी सरळ झाली आणि जाळीत काहीतरी चमकलं. वहिनी ओरडल्या. चौदा वर्षं लातुरात राहिलेली बाई ज्या बोलीत ओरडली, ती लातूरची नव्हती.

"गावलो! गावलो मासो!"

कॉरिडॉरमधून जाणारे दोन इजिप्शियन इंजिनीअर थांबले. त्यांनाही कळलं असावं. ते 'मबरूक', म्हणजे अभिनंदन, म्हणाले.

मासा हातभर होता. अंगावर लाल ठिपके. देवीदासरावांचा श्वास मला ऐकू येत होता. ते हळूच म्हणाले, "आता सोड त्याला. खालून हात धर, तोंड प्रवाहाकडे कर आणि सोड."

वहिनींनी माशाकडे पाहिलं. मग फोनकडे.

"सोडू?"

"तक्त्यात तसं आहे."

"अहो," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "खतिजाचाचींनी चूल पेटवून ठेवलीय." खतिजाचाची म्हणजे मुदस्सिरची आई.

माझ्या शेजारी उभा असलेला माणूस अंड्याच्या ट्रेलाही हात लावत नाही. मी भिंतीकडे बघू लागलो.

"मीठ जपून घाल," देवीदासराव म्हणाले. "गोड्या पाण्यातला आहे."

आणि फोन ठेवला. बैठकीत परत जाऊन बसले. पुढचा अर्धा तास त्यांना कोणी काही विचारलं नाही, हे बरं झालं.

वहिनी पाचही दिवस नदीवर होत्या. त्यांनी तक्ता लातूरलाच ठेवला होता. चार मासे धरले. दोन सोडले, दोन खाल्ले. नदीकडे किती वेळ बघितलं ते मोजलेलं नाही.

परत निघताना अब्बांनी त्यांच्याकडे निरोप दिला. पुढच्या सप्टेंबरच्या दोन काठ्या ते देवीदासरावांसाठी धरून ठेवतील, पण साहेबांनी स्वतः तारखा लिहून कळवायचं, आणि पुढच्या गुरुवारच्या आत. मागणारे पुष्कळ आहेत. वहिनींनी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. स्वतःचं काही जोडलं नाही.

काँट्रॅक्ट वाढलेलं नाही. पुढच्या सप्टेंबरात ते कोणत्या देशात असतील, हे त्यांना माहीत नाही. हे सांगणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी एका कागदावर सही घ्यायला त्यांच्या टेबलाशी गेलो. ते साइटवर गेले होते. पंपाचा भाग आला होता. पडद्यावर मुदस्सिरला पाठवायची मेल उघडी होती, अब्बांना वाचून दाखवण्यासाठी. विषयाच्या ओळीत 'मछली के संदर्भ में' असं होतं. खाली लिहिलं होतं:

"आदरणीय अब्बाजी, सलाम. आपका संदेश मिला. शुक्रिया. मैं और मेरी पत्नी अगले साल सितंबर की तारीख"

तिथे कर्सर लुकलुकत होता. मी सही न घेता परत आलो. साडेचारला ऑफिस सुटलं तेव्हाही ते वाक्य तेवढंच होतं.