लाल चिंधीपर्यंतचा दोर

शेतावरून चाँदभाईंचा फोन आला तेव्हा मी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या घरी, आज तरी नळ येतो का, याची वाट बघत होतो. पलीकडून आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि मग, "भैय्या... मावशी गेल्या." त्या क्षणी मनात पहिलं काय आलं, ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. वाटलं, तिनं मला माफ केलं होतं की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

वसुमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. उभी हयात शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली आणि लासूर स्टेशनच्या अलीकडच्या शेतावर कायमची राहायला गेली. काका आधीच गेले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगच्या पाट्या उगवत होत्या, शेजारचे लोक शेतं विकून शहरात फ्लॅट घेत होते, आणि ही बाई उलट्या दिशेनं निघालेली. तिनं अडगळीतली जुनी चामड्याची मोट काढून शिवून घेतली, मोट हाकायला चाँदभाईंना बैलजोडीसकट गाठलं आणि शहरातल्या लोकांना शेतावर बोलवायला लागली. पोळ्याला बैल रंगवा, थंडीत हुरडा भाजा, पाडव्याला नांगर पुजा, जात्यावर बसून दळा. "पुस्तकातला इतिहास परीक्षेपुरता, जात्याचा खुंटा हातात आला की जन्माचा," असं म्हणायची. मोटेवर तर तिचा जीव. बैल उतारावरून धावत सुटायचे, चाँदभाई ताणलेल्या दोरावर बसून गायचे आणि भरलेली मोट विहिरीतून वर येऊन भसकन रिकामी व्हायची. आलेल्या माणसाच्या हातावर ती स्वतः गूळ ठेवायची, तांब्याभर पाणी द्यायची, त्याशिवाय बसा म्हणायची नाही. बस ठरवणं, लोक जमवणं हे माझं काम. 'बिनपगारी मुकादम' असं चिडवायची मला.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला. दुसऱ्या वर्षीच्या पाडव्याला विहिरीच्या तळाशी परातभर पाणी उरलं होतं. मावशीनं आधीच बजावलं होतं, "यंदा मोट नाही. लोकांना कोरडी विहीर दाखवू. दुष्काळ हाही आपला इतिहासच आहे." मला ते पटलं नाही. दोन बसभर लोकांना मी मोट कबूल करून बसलो होतो, नाक माझं कापलं जाणार होतं. आदल्या संध्याकाळी ती साखरेच्या गाठी आणायला लासूरच्या बाजारात गेली, ती संधी साधून मी टँकर बोलावला आणि सगळं पाणी विहिरीत सोडलं. चाँदभाईंनी माझा हात धरला. "नका करू असं, भैय्या. सुकी विहीर हाय, लई तहानलेली. समदं पिऊन टाकंल." मी उलट त्यांनाच गप्प बसायची शपथ घातली. टँकरचा आवाज ऐकून गावातल्या चार-पाच बाया रिकामे हंडे घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "दादा, एक हंडा तरी द्या की..." मी म्हणालो, उद्या.

सकाळी बस आल्या. मी विहिरीत डोकावलो. भेगाळलेल्या मुरमानं रातोरात जवळजवळ सगळं पाणी गिळलं होतं. तरी माझी खोड जाईना. मावशी गुढीपाशी आहे असं बघून मी चाँदभाईंना बैल जुंपायला लावले. चाक करकरलं तशी ती धावत आली. मोट वर आली, आणि तिच्यातून चिखल पडला. मावशीनं काठाशी उमटलेले टँकरच्या चाकांचे माग पाहिले, चाँदभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "मीच," मी म्हणालो. ती सरळ पाहुण्यांकडे वळली. "माझ्या भाच्यानं तुमच्या करमणुकीसाठी टँकरचं पाणी या विहिरीत ओतलं. त्या बांधावरच्या बायकांना प्यायला पाणी नाही. आज इथं बघण्यासारखं एवढंच आहे." मग तिनं पोहरा विहिरीत सोडला, तो तळाला टेकल्यावर काठापाशी आलेला दोर धरला आणि गुढीच्या खणातून उरलेली लाल चिंधी त्या जागी गच्च बांधली.

त्यानंतर तिनं मला कधी येऊ नको म्हटलं नाही. जेवू घालायची, विचारपूस करायची. पण माझ्या हातावर गूळ नाही की पाणी नाही. "तहान लागली असेल तर काढून घे," एवढंच. दुष्काळ सरला, विहीर भरली, तरी कित्येक वर्षं मी परक्या लोकांदेखत माझं पाणी स्वतः शेंदून प्यायलो. राग यायचा, रडूही यायचं. पावसाळ्यात ती चिंधी दोराच्या वेटोळ्यात पायाशी पडून असायची. उन्हाळ्यात पाणी खाली जाईल तशी हळूहळू हाताजवळ यायची.

शेवटचं भेटलो तेव्हा ती खाटेवर होती. चाँदभाईंनी भरून ठेवलेला तांब्या तिनं नको म्हटला. "तू काढून आण." मी आणलं. फुलपात्रातून दोन घोट प्यायली, आणि तांब्या माझ्यासमोर धरला. उशाचा गुळाचा डबाही माझ्याकडे सरकवला. आवरायला सांगतेय असं वाटून मी डबा फडताळात ठेवला आणि पाणी बाहेर तुळशीला ओतलं.

तेराव्याला हे बोलता बोलता चाँदभाईंना सांगितलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही गेल्यावर मावशी लई हसल्या, भैय्या. म्हनल्या, इतक्या वर्सांनी गूळपानी दिलं, तर येडं ओतून आलं. पानी ओतायची खोड काय जाईना त्याची."

मी विहिरीवर जाऊन बसलो. चाँदभाई नवा दोर घेऊन आले, जुना पार विरला होता. मी दोन्ही दोर काठावर शेजारी शेजारी पसरले, जुन्यावरची चिंधी सोडली आणि नव्यावर बांधली. बोटभरही इकडे-तिकडे होऊ दिली नाही. मग पोहरा सोडला, तांब्या भरून घेतला आणि बसून सगळा प्यायलो.