ताम काकांचा बिअरचा निकाल

आमच्या फान थिएत गावात ताम काकांच्या जिभेला भलेभले टरकून असत. चाळीस वर्षं त्यांनी थान्हदादांच्या कारखान्यात मासळीचा अर्क चाखला. मासे नि मीठ वर्षभर पिंपात मुरवून हा अर्क निघतो, आणि त्याशिवाय आम्हाला घास उतरत नाही. काकांनी मान डोलावली तरच तो बाटलीत भरायचा. मी शेजारीच बर्फ विकते, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. कुणी भोचक म्हणो, आपल्याला काय!

तीन वर्षांपूर्वी दादांनी चव मोजायचं यंत्र आणलं आणि काका घरी बसले. कुणी बोलावेना, कुणी विचारेना.

मग दादांची लेक क्वेन सायगॉन शहरातली चांगली नोकरी सोडून आली आणि गोदामाच्या कोपऱ्यात बिअर करायला लागली. साधी नाही हो, एल म्हणतात ती. दाट, कडसर, वर पपनसाची साल घातलेली. दादांना नेमकं त्याच कोपऱ्यात नवं पिंप बसवायचं होतं. बाप हटेना, लेक ऐकेना. आठवडाभर जेवताना दोघं भिंतीशी बोलत होते. शेवटी ठरलं, ताम काका चाखतील. पास केली तर कोपरा क्वेनचा, नापास केली तर पिंपाचा.

सकाळी नऊला काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर. ग्लास उन्हात धरला, एक डोळा मिटला.

“रंग झुरळाच्या पंखासारखा आहे,” म्हणाले.

क्वेनने आनंदाने उडीच मारली. अर्काच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही. दादांचं तोंड मात्र कडू झालं.

मग काकांनी खिशातल्या पुडीतून भाताचं शीत काढलं आणि ग्लासात सोडलं. मिठाचं पाणी बरोबर जमलं असेल तर शीत तरंगतं, ही त्यांची जुनी परीक्षा. इथे शीत आधी तळाला गेलं. मग त्याला बुडबुडे चिकटले आणि ते वर आलं. बुडबुडे फुटले, परत खाली. आम्ही चौघं माना खालीवर करत बघत बसलो.

“नापास ना?” दादा म्हणाले.

“थांब रे! शीत दमू दे की आधी.”

शीत काही दमेना. काका चिडले आणि अर्क चाखताना करत तसंच डुकराच्या उकडलेल्या मटणाची फोड बिअरमध्ये बुडवून खाल्ली. बराच वेळ चघळली.

“यात मासा कुठाय?”

“काका, बिअरमध्ये मासा नसतो!”

“तीच तर खोट आहे.” मग माझ्याकडे वळले. “सेन, बर्फ आण गं.”

मी धावतच आणला, तर क्वेन दोन्ही हात पसरून आडवी आली. “बर्फ अजिबात नाही! चव मरते.”

“बिअरमध्ये बर्फ नाही?” काकांनी विचारलं; आमच्याकडे बिअर बर्फ घालूनच पितात. “का गं, घरात कुणाला सर्दी झालीय?”

“अगं, तीस वर्षं बर्फ विकतेय मी,” माझंही टाळकं सरकलं. “आजवर कुणाची चव मेली नाही. मोठी आली सायगॉनची शहाणी!”

शेवटी काकांनी एक ग्लास बर्फाचा घेतला, एक बिनबर्फाचा. मग खात्री करायला पुन्हा एकेक. ओठ पुसून म्हणाले, “असं एका दिवसात सांगता येत नाही. उद्या येतो.”

उद्या आले. परवाही आले. तेविसाव्या दिवशीही आले! कधी म्हणत पाऊसपाण्याने जीभ जड झालीय, कधी म्हणत काल नीट लक्ष नव्हतं. मटण मात्र रोज लक्ष देऊन खात. तिकडे दादांचं नवं पिंप दारात पडून तापत होतं, आणि क्वेन रडकुंडीला आली होती. सुतार घराण्यातली असती तर करवतच उगारली असती पोरीने.

“काका, आज निकाल द्या,” ती म्हणाली. “नाहीतर मीच गाशा गुंडाळते. असं टांगून नका ठेवू मला.”

काकांनी ग्लास खाली ठेवला.

“निकाल दिला की संपलं ना गं,” हळूच म्हणाले. “मग उद्या सकाळी शर्टाला इस्त्री कुणासाठी करू?”

दादांनी मान खाली घातली. मी आपली उगाच बर्फ फोडत बसले.

क्वेनने डोळे पुसले आणि एकदम कमरेवर हात ठेवले. “एकदा चाखून भागतं होय? दर खेपेला चव वेगळी उतरते. तुम्ही मान डोलावल्याशिवाय एक बाटली बाहेर जाणार नाही इथून.”

“दर खेपेला?”

“मंगळवारी आणि शुक्रवारी. उशीर केलेला चालणार नाही.”

“पास!” काका ओरडले. इतक्या जोरात, की मीच दचकले. मग ते उठले आणि दादांकडे वळले.

“थान्ह, तुझं पिंप दुसरीकडे कुठेतरी ठेव रे. इथे माझी खुर्ची लागेल.”